मापाची गाडी

बारावीचा निकाल लागला, कॉलेजचा प्रवेश पक्का झाला, की पुष्कळ घरांत एक विषय हमखास निघतो. चिरंजीवांना मोटारसायकल हवी असते. तीही साधी नको. पुढे वाकून बसायची, मागची सीट उंच असलेली, आवाजाने गल्ली दणाणून सोडणारी. आई म्हणते, त्यापेक्षा स्कूटर बरी. वडील किंमत आणि ॲव्हरेज विचारतात. आजोबांना आपली सायकल आठवते. चिरंजीव इंजिनाचे सीसी आणि ताशी वेग तोंडपाठ म्हणून दाखवतात. दोन-चार दिवस जेवणाच्या ताटावर हीच चर्चा चालते. पण एक प्रश्न बहुधा कुणीच विचारत नाही. ही गाडी या मुलाला पेलेल का? मानवेल का?

शर्ट शिवायला टाकताना आपण माप देतो. चप्पल घेताना दुकानात दोन पावले चालून बघतो. गाडी मात्र मित्राकडे आहे म्हणून घेतो, नाहीतर पोस्टरवर छान दिसली म्हणून. ज्याच्यावर बसून रोज जीव रस्त्यावर घालायचा, त्या वस्तूचे माप घ्यायचे असते, हे आपल्या गावीही नसते.

ज्याने हे माप फार काळजीने घेतले, अशा एका स्वाराची ही गोष्ट आहे. तो जगप्रसिद्ध होता. पण मोटारसायकलीसाठी नव्हे. डेव्हिड लीनचा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ हा १९६२ सालचा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्याची सुरुवात आठवत असेल. वाळवंट, उंट, लढाया हे सारे नंतर येते. आधी दिसते ती एक मोटारसायकल, एक अरुंद रस्ता आणि एक अपघात. चित्रपटातला पीटर ओटूल सहा फुटांहून उंच, देखणा. खरा टी. ई. लॉरेन्स होता जेमतेम पाच फूट पाच इंच. हा फरक नुसता गंमत म्हणून सांगत नाही. त्याच्या गाड्यांच्या गोष्टीत त्या पाच फूट पाच इंचांना महत्त्व आहे.

ठेंगणा कर्नल

थॉमस एडवर्ड लॉरेन्सचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ चा, वेल्समधल्या ट्रेमॅडॉग या गावचा. वडील आयर्लंडमधले जमीनदार. पहिली पत्नी आणि मुली यांना सोडून ते दुसऱ्या स्त्रीबरोबर राहू लागले, आडनाव बदलले, आणि त्यांना झालेले पाच मुलगे त्या घेतलेल्या आडनावाने वाढले. त्यांतला हा दुसरा. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही गोष्ट लपवावी लागे. आपले नाव आपले नाही, हे लॉरेन्सला लहानपणीच उमगले होते. पुढे आयुष्यात त्याने दोनदा नाव बदलले, याचे नवल वाटायला नको.

दोन चाकांचा नाद मात्र जुना. ऑक्सफर्डला शिकत असताना, १९०८ च्या उन्हाळ्यात, त्याने सायकलवरून फ्रान्स पालथा घातला. सुमारे चोवीसशे मैलांची ती रपेट होती; जुने किल्ले बघायचे, मोजायचे, त्यांची चित्रे काढायची. पुढच्या वर्षी तो सीरियात गेला आणि क्रुसेडच्या काळातले किल्ले पाहत चक्क पायी हिंडला. मग कार्केमिश येथे ब्रिटिश म्युझियमच्या उत्खननावर काही वर्षे काम केले. अरबी भाषा तो तिथल्या मजुरांत राहून शिकला.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ही भाषा कामी आली. तुर्की साम्राज्याविरुद्ध अरबांनी उठाव केला, तेव्हा ब्रिटिशांचा अधिकारी म्हणून तो राजपुत्र फैजलच्या सैन्याबरोबर राहिला. रेल्वेचे रूळ उडवले. जुलै १९१७ मध्ये वाळवंटाच्या बाजूने येऊन अरबांनी अकाबा बंदर घेतले, त्या मोहिमेत तो होता. ऑक्टोबर १९१८ मध्ये दमास्कस पडले. तोवर तो तिशीचा होऊन कर्नल झाला होता. त्याचे दोन भाऊ १९१५ मध्येच फ्रान्सच्या आघाडीवर मारले गेले होते.

युद्ध जिंकले, पण अरबांना दिलेली आश्वासने पॅरिसच्या तहाच्या टेबलावर विरून गेली. लॉरेन्सला हे लागले. राजाने देऊ केलेला मानसन्मान त्याने नाकारला. चर्चिलच्या हाताखाली वसाहत खात्यात काही काळ काम केले, तेही सोडले. आणि ऑगस्ट १९२२ मध्ये या कर्नलने एक विलक्षण गोष्ट केली. जॉन ह्यूम रॉस असे खोटे नाव घेऊन तो ब्रिटिश हवाई दलात अगदी खालच्या पायरीवरचा शिपाई म्हणून भरती झाला. वर्ष संपायच्या आत वर्तमानपत्रांनी त्याला हुडकून काढले, आणि जानेवारी १९२३ मध्ये त्याला दलातून काढण्यात आले. दोन महिन्यांत तो टी. ई. शॉ या नावाने रणगाडा दलात शिरला. हवाई दलात परत येण्याची परवानगी त्याला १९२५ मध्ये मिळाली.

रणगाडा दलाचा तळ डॉर्सेट परगण्यात बॉव्हिंग्टन येथे होता. तिथून मैल-दीड मैलावर ‘क्लाउड्स हिल’ नावाची एक पडकी झोपडीवजा बंगली त्याने घेतली, दुरुस्त केली, पुस्तकांनी भरली. बराकीतली कवायत, संध्याकाळी पुस्तके, आणि सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल. दारू नाही, सिगारेट नाही, संसार नाही. स्वतःच्या पुस्तकाच्या संक्षिप्त आवृत्तीवर त्याला भरपूर पैसा मिळू शकला असता. तो त्याने हवाई दलाच्या धर्मादाय निधीला दिला. चैन म्हणून त्याने स्वतःजवळ एकच गोष्ट ठेवली, आणि ती इंग्लंडातली सर्वांत महागड्या मोटारसायकलींपैकी एक होती.

नॉटिंगहॅमचा कारागीर

तिचे नाव ‘ब्रफ सुपीरिअर’. नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ब्रफ नावाच्या माणसाने १९१९ साली हा कारखाना काढला. त्याचे वडीलही मोटारसायकली बनवत. मुलाने आपल्या गाडीच्या नावापुढे ‘सरस’ अशा अर्थाचा शब्द जोडला, तेव्हा मग माझी गाडी निरस ठरली की काय, असे वडिलांनी विचारल्याची गोष्ट सांगतात.

जॉर्ज ब्रफची पद्धत आपल्याकडच्या जुन्या शिंप्यासारखी होती. इंजिन एका नामांकित कंपनीचे, गिअरबॉक्स दुसरीची, इतर भाग आणखी कुणाचे. पण निवड आणि जुळणी त्याची. गाडी आधी एकदा पूर्ण जोडायची, सगळे भाग नीट बसतात की नाही हे पाहायचे, मग ती पुन्हा सुटी करून रंग आणि मुलामा द्यायचा आणि परत जोडायची. गिऱ्हाईक कोण आहे, किती उंच आहे, गाडी कशासाठी वापरणार आहे, हे विचारून हँडल आणि बैठक ठरायची. ‘एसएस ८०’ या मॉडेलला ताशी ८० मैलांची हमी होती. १९२४ साली आलेल्या ‘एसएस १००’ला ताशी शंभर मैलांची, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरची हमी. गाडी या वेगाने पळवून पाहिली आहे, असे सहीचे प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला मिळे. एकवीस वर्षांत त्या कारखान्यातून अवघ्या तीन हजारांच्या आसपास गाड्या बाहेर पडल्या. मोटारसायकलींतली रोल्स-रॉइस, असे एका इंग्रजी साप्ताहिकाने तिचे वर्णन केले आणि ते तिला कायमचे चिकटले. किंमत सामान्य कामगाराच्या सुमारे वर्षभराच्या पगाराएवढी.

लॉरेन्सने १९२२ पासून १९३५ पर्यंत एकामागून एक सात ब्रफ वापरल्या. गाडीला त्याने बायबलमधले ‘बोअनर्जिस’ हे नाव दिले होते. अर्थ, मेघगर्जनेचे पुत्र. पुढच्या गाड्यांना तो कारखानदाराच्या नावावरून, राजांच्या थाटात, जॉर्ज अमुकवा, जॉर्ज तमुकवा असे आकडे देऊ लागला. नॉटिंगहॅमच्या कारखान्यात तो स्वतः जाई, ब्रफशी बोले, काय जमले, काय खटकले ते सांगे. १९२६ मध्ये त्याने ब्रफला कळवले, की चार वर्षांत पाच गाड्यांवर मिळून आपले एक लाख मैल झाले. एवढ्या प्रवासात गाडीने स्वतःहून दगा दिला, असे प्रसंग अगदी विरळा.

मापाचा विषय इथे येतो. तो ठेंगणा होता, हाडाने बारीक होता आणि गाडी जड होती, पावणेदोनशे किलोच्या पुढची. पाय जमिनीवर नीट टेकले नाहीत, तर अशी गाडी वेगात पडत नाही. ती पडते उभी करताना, चढावर थांबताना, वळवून मागे घेताना. म्हणून त्याच्या गाड्या त्याच्या उंचीला बेतून घेतलेल्या असत. हँडल हाताच्या पल्ल्यात, बैठक खाली. पेट्रोलची टाकी त्याने खास स्टेनलेस स्टीलची करून घेतली. ज्याला दिवसाला तीन-चारशे मैल काटायचे आहेत, त्याच्या मनगटात आणि कमरेत संध्याकाळी कळ यायला नको, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

आजच्या स्पोर्ट मोटारसायकलीही याच तीन ठिकाणी स्वाराशी भांडतात: मनगट, कंबर आणि पायाचा चवडा. हँडल खाली आणि पुढे, फुटरेस्ट मागे आणि उंच, सीट उंच. हायवेवर वेगात असताना अंगावर येणारा वारा छातीचा भार थोडा पेलतो. शहरातल्या सिग्नलला तो सगळा भार मनगटांवर येतो. शोरूममध्ये पाच मिनिटे बसून हे कळत नाही. तासभर रहदारीतून चालवली की कळते. रोज ठाण्याहून दादरला किंवा हडपसरहून डेक्कनला जाणाऱ्याला रेसच्या बैठकीची गाडी घेऊन काय मिळेल, हे विचारायला हवे. लॉरेन्सची गाडी वेगवान होती; पण बैठकीने ती लांबच्या प्रवासाची होती. त्याला रेस जिंकायची नव्हती. त्याला दूर जायचे होते.

कुठे जायचे होते? कधी डॉर्चेस्टरला, ऐंशी ओलांडलेले कादंबरीकार टॉमस हार्डी यांच्या घरी चहाला. कधी बर्नार्ड शॉ आणि त्यांची पत्नी शार्लट यांच्याकडे. कधी नुसतेच एखाद्या दूरच्या शहरातले जुने चर्च बघायला. क्रॅनवेलच्या हवाई तळावर असताना बराकीतल्या सोबत्यांसाठी गावोगावचे खाण्याचे जिन्नस आणायला. ‘द मिंट’ हे त्याचे बराकीतल्या जीवनावरचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एका सपाट, सरळ रस्त्यावर डोक्यावरून उडणाऱ्या लढाऊ विमानाशी लावलेल्या शर्यतीचे वर्णन आहे. वैमानिक खाली बघून हात करतो, स्वार थ्रॉटल पिळतो, आणि काही मैल दोघे बरोबर धावतात. वाचताना आपलाही श्वास अडकतो.

म्हणून तो बेफाम होता का? ब्रफने पुढे त्याच्या आठवणी लिहिल्या, त्यांत नेमके उलटे सांगितले आहे. आपण पाहिलेल्या उत्तम स्वारांपैकी तो एक होता. त्याच्याबरोबर आपण पुष्कळ फिरलो, पण तो उगीच धोका पत्करताना किंवा रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाची गैरसोय करताना दिसला नाही, असा त्यांचा अर्थ आहे. रस्ता मोकळा तर वेग, गाव आले की सावध. गाडी अंगाला मापात होती, आणि हात गाडीला सरावलेले होते. गाडी निवडण्याच्या दृष्टीने याहून जास्त कुणी काय करणार?

कराची, मीरनशाह, मुंबई

मधली दोन वर्षे तो गाडीशिवाय राहिला. डिसेंबर १९२६ मध्ये त्याची बदली हिंदुस्थानात झाली. कराचीजवळच्या द्रिघ रोड येथील हवाई दलाच्या डेपोत तो विमानांच्या इंजिनांच्या कामावर होता. तळाबाहेर तो फारसा पडत नसे. १९२८ मध्ये त्याला वझिरिस्तानातल्या मीरनशाह या छोट्या ठाण्यावर पाठवले. अफगाण सरहद्द तिथून दहा मैलांवर. काटेरी तारांच्या आत राहायचे, कारकुनी करायची, आणि उरलेल्या वेळात होमरच्या ‘ओडिसी’चे इंग्रजी भाषांतर. ते भाषांतर १९३२ मध्ये छापून आले.

त्या हिवाळ्यात अफगाणिस्तानात राजा अमानुल्लाविरुद्ध बंड उठले आणि लंडनच्या वर्तमानपत्रांनी कपोलकल्पित बातम्या छापायला सुरुवात केली. अरबांचा उठाव घडवणारा लॉरेन्स सरहद्दीवर आहे, मग हे कारस्थान त्याचेच असणार! प्रत्यक्षात तो टाइपरायटर बडवत होता. पण सरकार घाबरले. जानेवारी १९२९ मध्ये त्याला विमानाने मीरनशाहहून हलवले, आणि मुंबई बंदरातून ‘राजपुताना’ या बोटीत बसवून मायदेशी धाडले. आपल्या मुंबईशी त्याचा संबंध आला तो एवढाच; एका चोरट्या रवानगीपुरता.

इंग्लंडात पोचला तेव्हा नवी ब्रफ त्याची वाट पाहत होती. शॉ दांपत्यासह काही स्नेह्यांनी मिळून ती घेतली होती. माणसाला काय भेट द्यावी, हे ज्यांना कळते, ते खरे मित्र.

वेगाचा दुसरा उपयोग

यानंतरचा भाग चित्रपटात नाही, आणि तोच त्याच्या आयुष्यातला सर्वांत समाधानाचा असावा. प्लिमथजवळच्या तळावर असताना, फेब्रुवारी १९३१ मध्ये, हवाई दलाचे एक मोठे समुद्री विमान त्याच्या डोळ्यांदेखत पाण्यात कोसळले. माणसे बुडाली. मदतीला जाणाऱ्या बोटी संथ होत्या. त्या दिवसापासून लॉरेन्सने वेगवान बोटींचा ध्यास घेतला. पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावरून घसरत जाणारी, हलक्या अंगाची बोट बनवण्याच्या कामात त्याने कारखानदारांबरोबर पुढची चार वर्षे घालवली. इंजिने तपासली, चाचण्या घेतल्या, माहितीपुस्तिका लिहिल्या. त्याच वंशातल्या बोटींनी दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेल्या कित्येक वैमानिकांना बाहेर काढले. ते बघायला तो राहिला नाही.

फेब्रुवारी १९३५ मध्ये हवाई दलातली मुदत संपली. वय सेहेचाळीस. निरोप घेऊन तो ब्रिडलिंग्टनहून दक्षिणेकडे निघाला, तेव्हा त्याच्या बुडाखाली ब्रफ नव्हती. साधी पायसायकल होती. आता पगार नव्हता आणि एवढी महागडी गाडी चालवणे परवडेल का, याची त्याला काळजी होती. सातवी ब्रफ क्लाउड्स हिलला होती आणि आठवीची जुळणी नॉटिंगहॅमला चालू होती. मोह आणि ऐपत यांची ओढाताण आपल्यालाही ओळखीचीच. गाडी घेताना किंमत दिसते; विमा, टायर, सर्व्हिसिंग, पेट्रोल हे नंतर दर महिन्याला दिसतात. गाडी खिशालाही मापात बसावी लागते.

तेरा मे

१३ मे १९३५, सोमवार. सकाळी तो बॉव्हिंग्टनच्या पोस्टात गेला. हेन्री विल्यमसन या लेखकाला दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावणारी तार केली आणि घरी परत निघाला. अंतर दीड मैलाच्या आत. ओळखीचा रस्ता, शेकडो वेळा गेलेला. त्या रस्त्याला मध्ये मध्ये उतार-चढाव होते. खोलगटात गेलेला माणूस मागून येणाऱ्याला दिसत नसे. दोन मुले सायकलवरून त्याच दिशेने चालली होती. अगदी जवळ आल्यावर ती त्याला दिसली. त्याने गाडी बाजूला घेतली, एका सायकलला धक्का लागला, आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला.

मुलाला फारशी इजा झाली नाही. लॉरेन्सचे डोके फुटले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्या काळी रेसच्या मैदानाबाहेर ते कुणी घालत नसे.

एका साक्षीदाराच्या अंदाजाने गाडीचा वेग ताशी ५० ते ६० मैल होता. गाडी मात्र दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेली सापडली, आणि त्या गिअरमध्ये तिचा वेग ताशी ३८ मैलांच्या आसपासच जाऊ शकत होता. म्हणजे साधारण ६० किलोमीटर. शंभर मैलांची हमी असलेली गाडी आणि शंभर मैलांचा सराव असलेला स्वार. घात झाला तो बहुधा आपल्या शहरांतल्या मोकळ्या रस्त्यावर कुणीही सहज गाठतो तेवढ्या वेगाला. सहा दिवस तो बेशुद्ध होता. १९ मे रोजी लष्करी तळावरच्या इस्पितळात त्याचा मृत्यू झाला. मोरटन गावच्या दफनभूमीत त्याला पुरले, तेव्हा चर्चिल हजर होते.

शाळेतले विज्ञान इथे आठवावे. वेग दुप्पट झाला, की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतरही त्याच हिशेबाने वाढते. ताशी तीस किलोमीटरला पाच-सात मीटरमध्ये थांबणारी गाडी साठला त्याच्या चौपट जाते. शिवाय मेंदूने धोका ओळखून हात ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर वेगळे. उंचवट्यापलीकडचे दिसत नसेल, तर आपला वेग आपल्याला दिसणाऱ्या रस्त्याच्या मापाचा हवा. गाडी किती पळू शकते, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. लॉरेन्सने गाडी अंगाच्या मापाची घेतली होती. त्या एका सकाळी, दोन-चार सेकंद, वेग रस्त्याच्या मापाचा राहिला नाही.

डोक्याचे माप

गोष्ट इथे संपली असती, तर एका नामांकित माणसाचा अपघाती मृत्यू एवढेच तिचे मोल राहिले असते. पण त्या सहा दिवसांत लॉरेन्सच्या उशाशी बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचा एक तरुण मेंदूशल्यचिकित्सक होता. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, बॉस्टनला हार्वे कुशिंगच्या हाताखाली शिकलेला. त्याला काहीही करता आले नाही. करण्यासारखे जे होते, ते अपघाताच्या आधी करायला हवे होते, हे मात्र त्याच्या मनात राहिले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले. रात्री दिवे बंद ठेवण्याचे हुकूम होते आणि लष्करी निरोपे काळोखात मोटारसायकली पळवत होते. केर्न्सने आकडे गोळा केले. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमध्ये मोटारसायकलचे २,२७९ स्वार आणि मागे बसणारे रस्त्यावर मेले होते. मृत्यूचे मोठे कारण डोक्याची इजा. त्याच्यापर्यंत हेल्मेट घातलेले अवघे सात जखमी आले होते, आणि त्या सातांपैकी एकही दगावला नव्हता. हे सारे त्याने १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडले. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून लष्करातल्या मोटारसायकलस्वारांना कामावर असताना हेल्मेट सक्तीचे झाले. पुढच्या वर्षांत मृत्यू कमी होत गेले, हेही त्याने आकड्यांनी दाखवून दिले. केर्न्स १९५२ मध्ये वारला. ब्रिटनमध्ये सर्वांना हेल्मेटची सक्ती झाली ती १९७३ मध्ये; आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने. मागे बसणाऱ्यालाही ते कलम लागू आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

म्हणजे आज आपल्या मुलाच्या डोक्यावर जे हेल्मेट असते, किंवा कोपराला लटकत असते, त्याचा एक धागा डॉर्सेटच्या त्या रस्त्यापर्यंत जातो.

आता पुन्हा आपल्या घरात येऊ. चिरंजीव अजून रुसून बसले असतील. त्यांना थेट नाही म्हणू नये. वेगाची ओढ हा काही गुन्हा नाही, आणि चांगल्या यंत्रावरचे प्रेम तर गुणच आहे. त्यांच्याबरोबर शोरूममध्ये जावे. गाडीवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का? इंजिन बंद असताना ती एकट्याने मागे ढकलता येते का? हँडल पूर्ण वळवल्यावर हात ताणला जातो का? क्लच आणि ब्रेक बोटांच्या आवाक्यात आहेत का? एबीएस आहे का? २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सगळ्या नव्या गाड्यांना ते बंधनकारक आहे. जुनी घेत असाल, तर मुद्दाम पाहा. आजवर शंभर-सव्वाशे सीसीच चालवली असेल, तर एकदम तिप्पट ताकदीवर उडी नको. मधली एक पायरी असू दे. लॉरेन्सही सायकलवरून चोवीसशे मैल हिंडून मग या वाटेला लागला होता. आणि सर्वांत शेवटी, रोजचा रस्ता कोणता? गाडी त्या रस्त्यासाठी घ्यायची आहे.

बापाला आणि मुलाला हा सगळा हिशेब एकत्र बसून करता आला, तर गाडी कोणतीही येवो, अर्धे काम झाले. चालवण्याची अक्कल शोरूममध्ये मिळत नाही. ती घरात बोलण्यातून आणि रस्त्यावर हळूहळू येते.

लॉरेन्सची सातवी ब्रफ त्या अपघातात फारशी मोडली नव्हती. ती दुरुस्त झाली, आणि पुढे इंग्लंडात संग्रहालयांत लोकांना पाहायला मिळाली. तिची बैठक आहे एका ठेंगण्या माणसाच्या मापाची. त्या गाडीत काही उणे नव्हते. उणी होती ती डोक्यावरची एक वस्तू, जी त्या दिवसांत कुठल्या कारखान्याने गाडीबरोबर दिली नाही आणि कुणी मागितलीही नाही.

आज ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. आयएसआयची खूण पाहून, पट्टा हनुवटीखाली आवळून, डोके हलवले तरी ती हलत नाही याची खात्री करून घ्यायची. मुलगा गाडी बघायला निघाला, की आधी त्या दुकानात जावे. पहिले माप डोक्याचे, गाडीचे त्यानंतर.